अक्षरांची मालकी

मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून निराळे. खिळ्यांच्या छापखान्यात ते टाइप ओतणारा कारखानदार ठरवी. आपण निमूट वाचीत असू. संगणकावर ते कोणी ठरवावे? २००४ साली 'रेड हॅट' या अमेरिकन कंपनीने पुण्याच्या 'मॉड्युलर इन्फोटेक'ने पुरविलेले 'लोहित' टंक खुल्या परवान्यावर मोकळे केले. २०११ मध्ये खास टंकांसाठीचा परवाना घेतला. ते फुकट मिळतात, याचे आम्हांला फारसे अप्रूप नाही. नांदेडच्या एखाद्या मुलाला वळण पटले नाही, तर त्याने ते बदलून पुन्हा वाटावे, ही मुभा मोठी. मात्र मूळ प्रतीत कोणता बदल शिरावा, हे कंपनीची माणसेच पाहत. न पटणाऱ्याने आपली प्रत वेगळी काढायची, आणि मग तिची निगाही वर्षानुवर्षे, बिनपगारी, आपणच राखायची.