सेवाकाल पुरस्कार योजना
सेवाकाल पुरस्कार योजना ही अमेरिकेतील स्वयंसेवी अग्निशामकांना व तातडीच्या वैद्यकीय सेवेतील स्वयंसेवकांना दीर्घ सेवेबद्दल निवृत्तिवेतनासारखा लाभ देणारी योजना आहे. ती ‘लोसॅप’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. तेथील लहान गावांत अग्निशमनाचा भार मुख्यत्वे स्वयंसेवकांवर असतो.

स्वयंसेवक व कर्मचारी यांतील सीमारेषा हा या योजनेपुढील मुख्य कायदेशीर प्रश्न आहे. संघराज्याच्या श्रम नियमांनुसार सार्वजनिक संस्थेच्या स्वयंसेवकास झालेला खर्च, वाजवी लाभ व नाममात्र मानधन स्वीकारता येते. मोबदला त्यापलीकडे गेल्यास तो कर्मचारी ठरू शकतो आणि किमान वेतनाचे नियम लागू होतात.

करसंहितेच्या कलम ४५७ मध्ये १९९६ साली झालेल्या दुरुस्तीने, एका सेवावर्षासाठी जमा होणारा लाभ ३,००० डॉलरपर्यंत असल्यास अशा योजनेला विलंबित वेतनाच्या नियमांतून वगळले. २०१७ च्या करसुधारणा कायद्याने ही मर्यादा ६,००० डॉलर केली व ती महागाईशी जोडली.

तपशील राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्क राज्यात योजना सुरू करण्यास मतदारांची संमती लागते. तेथे प्रशिक्षण, सराव, वर्दीवर जाणे इत्यादींसाठी गुण दिले जातात. वर्षात किमान ५० गुण मिळवणाऱ्याचेच ते वर्ष सेवेत धरले जाते.