रांजणावरची लांब रोटी

विदर्भातील अनेक बौद्ध घरांत लग्नात आणि पाहुण्यांच्या जेवणात लांब रोटी करतात. तिला लंबी रोटी किंवा मांडे असेही म्हणतात.

कणकेत मीठ-पाणी घालून ती खूप आपटतात. हातातून ओघळेल इतकी सैल आणि लवचिक झाली पाहिजे. पोळपाट-लाटणे लागत नाही. गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवतात आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या तापल्या मातीच्या रांजणावर टाकतात. सोबत मटणाचा रस्सा किंवा आमरस.

आज ही रोटी हॉटेलांत विकत मिळते. पण पाण्याचा अंदाज वाचून येत नाही, तो आई-आजीच्या हातात आहे. येत्या १४ एप्रिलला त्यांच्याजवळ बसा, लिहून घ्या आणि स्वतः हात घाला. मुलींनीच नव्हे, मुलांनीही.