अठरा इंचांची झोप

यंत्र चालू आणि माणूस जागच्या जागी, ही अवस्था मी बँकेत रोज दुपारी जेवणानंतर अनुभवतो. समोर कॉम्प्युटर घरघरत असतो आणि त्याच्यामागे मी. या अवस्थेला मोटारीच्या भाषेत ‘आयडलिंग’ म्हणतात आणि त्यावर देशोदेशी कायदे आहेत, हे मात्र मला बदलीच्या निमित्ताने कळले.

त्याचे असे झाले, की बदलीचे सामान ट्रकमध्ये चढवल्यावर आपणही त्याच ट्रकमधून जावे, म्हणजे बसचे भाडे वाचेल, असा हिशोब मी मांडला. “कॉमर्सवाल्याशी लग्न केलं की हे असं,” एवढे बोलून ही मुलांसह आरामबसने निघून गेली. मे महिना होता. रात्री अडीचच्या सुमारास ड्रायव्हरने एका ढाब्याशेजारी गाडी उभी केली, इंजिन बंद केले आणि बॅटरी उतरेल म्हणून पंखाही बंद केला. केबिनमध्ये इंजिनाची धग, बाहेर डास. मी धीर करून म्हटले, “भाऊ, इंजिन चालू राहू द्या ना जरा. पंखा तरी लागेल.”

“साहेब, डिझेलचा हिशोब मालक घेतो,” तो सीटवर आडवा होत म्हणाला. “झोपेचा कोण घेतो?”

आणि झोपला. मी बी.कॉम. असल्यामुळे मला झोप येईना.

हा प्रश्न अमेरिकेने इंचांत आणि मिनिटांत मांडून ठेवला आहे, असे कळल्यावर मी त्या इतिहासाच्या मागे लागलो. तिथे 1935 साली मोटार वाहतुकीचा कायदा झाला आणि दोन-तीन वर्षांत ड्रायव्हरने सलग किती तास गाडी हाकावी याचे नियम आले. विश्रांती घ्या, असे सरकारने सांगितले. पण घ्यायची कुठे? तर केबिनच्या मागे ठोकलेल्या एका खोक्यात. ड्रायव्हर लोक त्याला ‘शवपेटी’ म्हणत. 1953 पूर्वी बसवलेल्या बर्थला नियमाने किमान रुंदी अठरा इंच, आणि गादीपासून वरच्या छतापर्यंत उंचीही अठराच इंच.

अठरा इंच म्हणजे किती, ते पाहायला मी घरात फरशीवर खडूने रेघा मारून मध्ये आडवा झालो. माझा एक खांदा आत मावला, दुसरा शेजारच्या संस्थानात गेला. कूस बदलणे हा तर सीमाप्रश्नच! 1953 पासून ही रुंदी एकवीस इंच झाली आणि ऑक्टोबर 1975 पासून चोवीस. म्हणजे दुसऱ्या वाढीला बावीस वर्षे लागली आणि हाती आले तीन इंच. आमचा महागाई भत्ता यापेक्षा बरा, असे मला आयुष्यात प्रथमच वाटले.

पुढे खोक्याची खोली झाली. पलंग आला, फ्रीज आला, टी.व्ही. आला. पण हा संसार चालवायचा कशावर? तर इंजिनावर. उन्हाळ्यात गारव्यासाठी, हिवाळ्यात उबेसाठी, आणि कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठते म्हणूनही, ट्रक रात्रभर जागेवर घरघरत उभे राहू लागले. असे इंजिन तासाला साधारण तीन लिटर डिझेल पिते. 2004 पासून तिथे पुन्हा स्टिअरिंग धरण्यापूर्वी सलग दहा तासांची सुट्टी सक्तीची झाली. दहा तासांचे तीस लिटर! मालकांची झोप उडाली ती इथे. आणि त्या ट्रकतळांशेजारी राहणाऱ्यांच्या नाकात रात्रभर धूर जात होता, त्यांची आधीच उडाली होती.

तेव्हा कॅलिफोर्नियाने नियम केला : उभ्या ट्रकचे इंजिन पाच मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवायचे नाही. बर्थवर झोपलेल्यांना आधी सूट होती; 1 जानेवारी 2008 पासून तीही गेली. दंड किमान तीनशे डॉलर. नियम वाईट नव्हता, धूर ड्रायव्हरच्याही छातीत जातच होता. पण एक कायदा म्हणतो दहा तास विश्रांती घे, दुसरा म्हणतो पाच मिनिटांत इंजिन बंद कर. उरलेल्या नऊ तास पंचावन्न मिनिटांचे काय करायचे?

उपाय निघाले. वेगळे छोटे इंजिन, बॅटरीवरचा एसी, थेंब-थेंब डिझेलवर चालणारा हीटर. या यंत्रांसाठी ट्रकला जादा वजनाची सवलतही मिळाली, 2005 साली चारशे पौंड, 2012 साली साडेपाचशे. झोपेला वजन असते, हे कायद्याने मान्य केले. पण यंत्र विकत घ्यायचे कोणी? ट्रक स्वतःचा असेल तर प्रश्न नाही. कंपनीचा असेल, तर यंत्र बसवायचे की नाही आणि इंजिन किती मिनिटांनी आपोआप बंद व्हावे, हे कंपनी ठरवते. आमच्या शाखेतल्या एसीचा रिमोट मॅनेजरांच्या ड्रॉवरमध्ये असतो, त्यामुळे हे मला लगेच समजले.

2009 च्या जानेवारीत इलिनॉय राज्यात एका कंपनीचा ड्रायव्हर शून्याखालच्या थंडीत अडकला. ट्रेलरचे ब्रेक गोठलेले, केबिनचा हीटर बंद. मदतीची वाट पाहता पाहता डोळा लागला. जाग आली तेव्हा अंग बधिर. वरिष्ठ म्हणाले, ट्रेलर सोडून जायचे नाही. त्याने ट्रेलर सोडला, पुढचा ट्रक घेऊन ऊब शोधायला गेला आणि जीव वाचवला. कंपनीने नोकरीवरून काढले. 2016 साली अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. विरोधी मत नील गोर्सच यांचे. त्यांचे म्हणणे, कायदा संरक्षण देतो ते गाडी चालवायला नकार देणाऱ्याला. याने तर चालवली! पुढच्याच वर्षी ते सर्वोच्च न्यायालयात गेले, पण नेमणुकीच्या सुनावणीत या गोठलेल्या ड्रायव्हरने त्यांना चांगलाच घाम फोडला.

आपल्याकडे 1961 च्या कायद्याने ड्रायव्हरचे तास मोजले आणि 2025 साली नव्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. वाचून मला आनंद झाला, पण तो पाचच मिनिटे टिकला. कारण एसी चालतो इंजिनावर, इंजिन चालते डिझेलवर, आणि डिझेलचा हिशोब मालक घेतो.

त्या रात्री चार वाजता तो उठला, तोंडावर पाणी मारले, चहा प्यायला आणि गाडी सुरू केली. पुढचे दोनशे किलोमीटर आमचे कपाट, हिचा फ्रीज आणि मी, असे तिघेही त्याच्या दीड तासाच्या झोपेवर विसंबून होतो. ही रक्कम जमेला लिहायची की नावे, ते मला बी.कॉम.ला कोणी शिकवले नव्हते.