वस्तरा ठेवून माईकपुढे

हल्ली इंजिनिअर किंवा बँकेतला मुलगा नोकरी सोडून ‘स्टँडअप’ करू लागला, की मोठे नवल होते. मला त्यात नवे फारसे दिसत नाही. राम नगरकरांनी हे कधीच केले होते, आणि तेही जन्माने हातात आलेला वस्तरा खाली ठेवून.

शहापूर-मुरबाडकडे हसवणारा माणूस आम्ही पाहिला तो जत्रेत. पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, पाळणे आणि तमाशा. गण-गवळण आटोपली की सोंगाड्या बतावणीला उभा राहतो आणि सरपंचापासून सरकारपर्यंत सगळ्यांची सालटी काढतो. आजच्या स्टँडअपचा खरा पूर्वज ही बतावणीच. मात्र हे काम बहुतेक महार-मांग कलावंतांच्या वाट्याला जातीने आलेले. तिथे पेशा सोडून हसवायला येण्याचा प्रश्नच नव्हता. हसवणे हाच वारशाने आलेला पेशा. त्याला टाळ्या होत्या, पंगतीत जागा नव्हती.

ही चौकट हलवली ती राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी. वसंत बापट, पु. ल. देशपांडे अशी शिकलेली माणसे लोकनाट्याकडे वळली, आणि त्याच मांडवाखाली कामकरी पोरांनाही जागा मिळाली. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. दादा कोंडके ‘अपना बाजार’मध्ये नोकरीला होते. नगरकर न्हावी. तिघेही लोकनाट्यात उतरले. १९६५ साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले. त्यात कोंडक्यांबरोबर नगरकरही होते. गोष्ट काय, तर रिकाम्या झालेल्या कोतवालाच्या जागेची. लायकी एकाची, वशिला दुसऱ्याचा. भरतीच्या यादीत आपले नाव शोधणाऱ्या तालुक्याच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावे लागत नव्हते. (पगारी नोकरी सोडून आलेला कोंडके रोज रात्री त्याच नोकरीसाठी झुरणारा हवालदार रंगवत होता, ही गंमत वेगळीच.)

पण नगरकरांची पुढची उडी मला अधिक धाडसाची वाटते. ‘रामनगरी’ हे आत्मकथन त्यांनी लिहिले आणि त्याचाच एकपात्री प्रयोग घेऊन ते एकटे रंगमंचावर उभे राहिले. एकपात्री मराठीला नवे नव्हते, पु.लं.नी १९६१ मध्येच ‘बटाट्याची चाळ’ उभी केली होती. फरक विषयाचा. चाळीतल्या पांढरपेशा माणसाने स्वतःला हसणे एक. ज्याच्या हाताखाली सारा गाव मान वाकवतो आणि तरी ज्याला गावात मान नाही, त्या न्हाव्याने स्वतःचे नाव, जात, धंदा, लग्न, फजिती सांगून भरल्या सभागृहाला हसवणे अगदी दुसरे. सोंगाड्याला सोंगाची आड होती. इथे आड कसलीच नाही.

या हसण्यात एक धोकाही होता. समोरचा प्रेक्षक जातिव्यवस्थेला हसतोय की पुन्हा न्हाव्यालाच, हे कोणी ठरवायचे? माझ्या मते नगरकरांनी तो निर्णय स्वतःच्या हातात ठेवला. तक्रारीचा सूर न लावता प्रसंग सांगायचा, प्रेक्षकाला मोकळेपणी हसू द्यायचे. मग आपण नेमके कशाला हसलो, हे त्याच्या ध्यानात उशिरा यायचे. ही हातोटी केशकर्तनालयातली असावी असे मला वाटते. गिऱ्हाईक वस्तऱ्याखाली असताना त्याला बोलण्यात गुंतवायचे, हसवायचे, पण कापू द्यायचे नाही.

१९८२ मध्ये कांतिलाल राठोड यांनी ‘रामनगरी’वर हिंदी चित्रपट केला. नायक अमोल पालेकर. चित्रपटात हे आयुष्य आठवले जाते, पण ते सांगणारा माणूस दुसरा असतो, आणि तिथेच काहीतरी निसटते. एकपात्रीत ‘मी’ म्हणणारा आणि सोसणारा एकच होता.

आमच्याकडे न्हाव्याला वर्षाची हजामत भातावर चुकती करत. खळ्यावर तो सूप घेऊन उभा राहायचा, आणि मापाच्या वेळी कोणीतरी त्याची थट्टा करायचेच. तोही हसायचा. नगरकरांच्या प्रयोगात मात्र थट्टा तो करत होता आणि तिकीट काढून खाली बसलेला होता तो गाव.