परिभाषेची ने-आण

‘केंद्रक म्हणजे काय?’ हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारला, तर दोन उत्तरे येतील आणि दोन्ही बरोबर असतील. जीवशास्त्राचा तास चालू असेल, तर पेशीतील आवरणाने वेढलेले, गुणसूत्रे सामावणारे अंगक असे उत्तर मिळेल. भौतिकशास्त्राच्या तासाला मात्र प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचा अणूच्या मध्यभागी असलेला गाभा असे सांगितले जाईल. वर्गात याने काही अडत नाही, कारण कोणता तास चालू आहे हे मुलांना ठाऊक असते. अडते ते या दोन व्याख्या वर्गाबाहेर पडून एकाच सूचीत शिरू पाहतात तेव्हा.

संगणकावरून शिकवण्यासाठी ज्या प्रणाली आज वापरल्या जातात, त्यांपैकी अनेकांमध्ये शब्दसूची तयार करण्याची सोय असते. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्यांनी शब्द व व्याख्या भरायच्या, ती सूची एका फाईलच्या रूपाने बाहेर काढायची आणि दुसऱ्या अभ्यासक्रमात, दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या संगणकावर ती आत घ्यायची. याला सूचीची निर्यात व आयात म्हणतात. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटते. पण शब्द एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना त्याचा अर्थ सोबत कसा न्यावा, हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे. त्याचा इतिहास थोडक्यात पाहू.

आधी संकल्पना, मग शब्द

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात यंत्रे एका देशात बनत आणि अनेक देशांत विकली जात. त्यांच्या सुट्या भागांची नावे प्रत्येक भाषेत निराळी. यावर उपाय म्हणून जर्मनीत आल्फ्रेड श्लोमान या अभियंत्याने १९०६ पासून सहा भाषांतील सचित्र तांत्रिक शब्दकोशांची माला काढली. या कोशांतील नोंदी अकारविल्हे नव्हत्या, विषयवार होत्या. आधी त्या भागाची आकृती आणि तिच्या शेजारी सहा भाषांतील नावे, अशी मांडणी होती. म्हणजे शब्दाचा खुंटा शब्दाला नव्हे, तर वस्तूला बांधला होता.

याच विचाराला शास्त्रीय बैठक दिली ती ऑस्ट्रियाच्या ऑयगेन व्यूस्टर (१८९८–१९७७) यांनी. ते विद्युत अभियंता होते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय तंत्रविद्येतील भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण हा होता. त्यांच्या मांडणीचे सार असे सांगता येईल : परिभाषेचे काम शब्दापासून सुरू करायचे नाही. आधी संकल्पना निश्चित करायची, तिच्या सीमा आखायच्या, शेजारच्या संकल्पनांशी तिचे नाते ठरवायचे आणि मग तिला नाव द्यायचे. १९६८ मध्ये त्यांनी यंत्र-हत्यारांचा जो कोश प्रसिद्ध केला, तो याच पद्धतीने रचलेला आहे.

केंद्रकाचे उदाहरण या कसोटीवर लावून पाहा. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये वनस्पतींच्या पेशींत दिसणाऱ्या गोलकाला लॅटिनमधील ‘गर’ या अर्थाचा एक शब्द दिला. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणूच्या मध्यभागी धनप्रभारित गाभा असल्याचे मांडले आणि पुढे त्यालाही तेच नाव मिळाले. मराठीने दोन्हींसाठी ‘केंद्रक’ स्वीकारला. शब्द एक, संकल्पना दोन. व्यूस्टर यांच्या पद्धतीने पाहिले, तर या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्यांचे नाव सारखे असणे हा योगायोग.

चुंबकीय फितीपासून खुणांच्या भाषेपर्यंत

संगणक आल्यावर परिभाषेच्या मोठ्या ‘पेढ्या’ निघाल्या. कॅनडात माँट्रियल विद्यापीठात १९७० च्या सुमारास सुरू झालेली टर्मियम आणि युरोपीय समुदायाची युरोडिकॉटम ही त्यांतील दोन ठळक नावे. अनुवादकांना त्यांचा मोठा उपयोग झाला. पण प्रत्येक पेढीची नोंद ठेवण्याची तऱ्हा निराळी होती. एकीचा माल दुसरीला द्यायचा तर मधे भाषांतरकार हवा, आणि तोही शब्दांचा नव्हे, नोंदींचा. म्हणून १९८७ मध्ये चुंबकीय फितीवरून परिभाषेच्या नोंदी पाठवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले.

त्याच सुमारास, १९८६ मध्ये, मजकुराला खुणा करण्याच्या एका सर्वसाधारण भाषेचे प्रमाण ठरले होते. तिचेच सोपे व सुटसुटीत रूप असलेली एक्सएमएल ही भाषा १९९८ मध्ये आली. तिची कल्पना साधी आहे. मजकूर कसा दिसतो हे सांगायचे नाही, तो काय आहे हे सांगायचे. ठळक अक्षरांत छापलेले ‘बल’ आपल्याला शीर्षशब्द म्हणून ओळखू येते. यंत्राला येत नाही. त्याच्या मागेपुढे ‘हा शब्द’, ‘ही व्याख्या’, ‘हा पर्यायी शब्द’ अशा खुणा लावल्या, की कोणतेही यंत्र त्या वाचू शकते. परिभाषेसाठी याच भाषेवर बेतलेली टीबीएक्स नावाची पद्धती २००२ मध्ये तयार झाली आणि २००८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. तिच्यात सर्वांत बाहेरचा डबा संकल्पनेचा, त्याच्या आत भाषेचा आणि भाषेच्या आत शब्दाचा असतो. व्यूस्टर यांचा विचार यंत्राच्या रचनेत उतरला तो असा.

धड्यांची कैद

शिक्षणासाठी संगणक वापरण्याचा इतिहास याला समांतर, पण वेगळ्या वाटेने गेला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये प्लेटो ही प्रणाली सुरू झाली. तिच्यासाठी शिक्षकांनी हजारो तासांचे धडे लिहिले. पण ते ट्यूटर नावाच्या तिच्या खास भाषेत लिहिलेले असल्याने प्लेटोबाहेर चालत नसत. यंत्राचे आयुष्य तेच धड्याचे आयुष्य, असा प्रकार होता.

या कैदेची झळ पहिल्यांदा लागली ती विमान कंपन्यांना. प्रत्येक विमाननिर्मात्याचा प्रशिक्षणक्रम निराळ्या संगणकावर चाले. तेव्हा निर्माते व कंपन्या यांनी मिळून १९८८ मध्ये एक समिती नेमली आणि समान नियम ठरवायला घेतले. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने २००० साली स्कॉर्म ही नियमावली आली. तिच्यामुळे धडा एका गाठोड्यात बांधून एका प्रणालीतून दुसरीत नेता येऊ लागला. २००८ मध्ये आलेल्या कॉमन कार्ट्रिज या नियमावलीत प्रश्नसंच, चर्चेचे विषय व जाळ्यावरील दुवे यांचीही सोय झाली.

पण दोन्हींतही शब्दसूचीला स्वतंत्र जागा नव्हती. परिभाषेचे तज्ज्ञ आणि अध्यापनाच्या प्रणाली घडवणारे तज्ज्ञ ही दोन वेगळी मंडळी होती, असेच म्हणावे लागेल. त्यामुळे शब्दसूचीची ने-आण प्रत्येक प्रणालीने आपापल्या परीने सोडवली.

मूडलमधील सूची

त्यांपैकी मूडलचे उदाहरण घेऊ, कारण ही प्रणाली विनामूल्य असून तिची आज्ञावली कोणालाही वाचता येते. ऑस्ट्रेलियातील पर्थचे मार्टिन डूगियामास यांनी ती तयार केली. तिची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. शब्दसूचीची सोय तिच्यात सुरुवातीच्या आवृत्त्यांपासूनच आली. या सोयीत एक चांगली शैक्षणिक दृष्टी आहे. विद्यार्थ्यांनी दुय्यम सूचीत नोंदी करायच्या आणि त्यांतील निवडक नोंदी शिक्षकाने मुख्य सूचीत न्यायच्या. म्हणजे व्याख्या पाठ करायची नाही, घडवायची.

सूची बाहेर काढली, की एक्सएमएलमधील एक फाईल मिळते. तिच्यात प्रत्येक नोंदीचा शीर्षशब्द, व्याख्या, पर्यायी शब्द आणि धड्यात तो शब्द आला तर त्याला आपोआप दुवा जोडायचा की नाही, अशा गोष्टी वेगवेगळ्या खुणांत ठेवलेल्या असतात. हवे तर विषयवार वर्गही सोबत नेता येतात. पण नोंद कोणी लिहिली हे मात्र सोबत जात नाही. आयात केलेल्या सर्व नोंदी, ज्याने आयात केली त्याच्या नावावर चढतात. वर्गातील चाळीस मुलांनी वर्षभर केलेले काम दुसऱ्या प्रणालीत एका माणसाचे काम म्हणून पोचते.

गंमत अशी, की शीर्षशब्दाभोवती जी खूण असते तिचा अर्थ ‘संकल्पना’ असा आहे, पण तिच्या आत असतो तो निव्वळ शब्द. आयात करताना प्रणाली पाहते ते याच शब्दाचे स्पेलिंग. सूचीत दुबार नोंदींना परवानगी नसेल आणि तो शब्द आधीच असेल, तर आलेली नोंद नाकारली जाते. आता जीवशास्त्राच्या सूचीत भौतिकशास्त्राची सूची मिळवून पाहा. अणूचे केंद्रक दारातूनच परत जाईल. कारण काय, तर ‘दुबार नोंद’!

उलटही घडते. इंग्रजीतील फोर्स या संज्ञेसाठी आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘बल’ आहे, तर मराठी विश्वकोशात ‘प्रेरणा’. दोन सूची एकत्र केल्या, तर दोन्ही नोंदी सुखाने आत येतील. विद्यार्थी समजेल की बल वेगळे आणि प्रेरणा वेगळी. पहिल्या उदाहरणात एक संकल्पना हरवली. दुसऱ्यात एकीच्या दोन झाल्या. दोन्ही वेळा यंत्राने आपले काम अचूक केले.

देवनागरीचा प्रश्न

मराठी सूचीपुढे आणखी एक अडथळा होता. १९९० च्या दशकात मराठी मजकूर ज्या टंकांत छापला जाई, त्यांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत निराळी. तो टंक नसलेल्या संगणकावर ‘पेशी’ऐवजी अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही समान संकेतपद्धती १९९१ मध्ये राष्ट्रीय प्रमाण झाली. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने तिच्यावर आधारित साधनेही दिली. १९९१ मध्येच आलेल्या युनिकोडने देवनागरीची रचना इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतली. मूडलने २००६ मधील १.६ या आवृत्तीत युनिकोड पूर्णपणे स्वीकारला आणि मराठी सूची कोठेही नेली तरी मराठीच राहील अशी खात्री झाली.

तरी सगळे प्रश्न सुटले नाहीत. ‘ताऱ्यांची उत्क्रांती’ या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ वापरून किंवा ‘र’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या दोन निराळ्या अक्षरमाला. सूचीत एक आणि धड्यात दुसरी असेल, तर दुवा जुळणार नाही.

शिवाय मराठी शब्द प्रत्यय घेतो. ‘पूर्ण शब्द जुळला तरच दुवा’ असा नियम ठेवला, तर ‘पेशी’ची नोंद ‘पेशींमध्ये’ या रूपाला ओळखत नाही. नियम सैल केला, तर वेगळीच आपत्ती. सूचीत ‘आम्ल’ असेल आणि ‘आम्लारी’ नसेल, तर ‘आम्लारी’ या शब्दातील पहिल्या भागाला आम्लाच्या व्याख्येचा दुवा जोडला जाईल. म्हणजे जे आम्लाचे उदासिनीकरण करते, त्यालाच आम्ल ठरवण्याची सोय!

शिक्षकाचा वाटा

मग शिक्षकाने काय करावे? या इतिहासातून काही साध्या गोष्टी निघतात. शीर्षशब्द निवडताना शक्य तेथे संकल्पना स्पष्ट करणारा शब्द घ्यावा : नुसते ‘केंद्रक’ नको, ‘पेशीकेंद्रक’ किंवा ‘अणुकेंद्रक’ असावे. ‘प्रेरणा’ ही वेगळी नोंद न करता ‘बल’च्या नोंदीत पर्यायी शब्द म्हणून द्यावी. ‘पेशींमध्ये’, ‘पेशींचा’ अशी नेहमी येणारी रूपेही तेथेच द्यावीत आणि दुव्यासाठी पूर्ण शब्दाचा नियम ठेवावा. नोंद ज्या विद्यार्थ्याने लिहिली, त्याचे नाव त्याच्या संमतीने व्याख्येच्या शेवटी लिहावे; तेथे ते पुसले जात नाही. आयात केल्यावर प्रणाली नाकारलेल्या नोंदींची यादी दाखवते, ती न वाचता बंद करू नये. खरे तर वर्गात चर्चेला घेण्यासारखे शब्द तिच्यातच सापडतात. या दोन नोंदी खरोखर एक आहेत का, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा.

श्लोमान यांनी शब्दाशेजारी आकृती का काढली, याचे उत्तर त्या चर्चेत मुलांना आपोआप मिळेल. फाईल शब्द नेते, व्याख्या नेते, खुणा नेते. दोन शब्दांमागची संकल्पना एक की दोन, हे ठरवण्याचे काम मात्र १९०६ मध्ये जसे माणसाकडे होते, तसेच ते आजही सूची आत घेणाऱ्या शिक्षकाकडे आहे.