सांडपाण्याचा हिशेब : पूर्व कोलकात्याच्या पाणथळीची गोष्ट

आज आपण कोलकात्याला जाणार आहोत, आणि सुरुवात मराठ्यांपासूनच करू. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या. त्यांच्या धास्तीने कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं नावच पडलं ‘मराठा डिच’. मराठे काही कोलकात्यात आले नाहीत, खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्याच्या बऱ्याच भागावर सर्क्युलर रोड झाला. पण त्या काळी शहराची पूर्वेची हद्द कुठे मानत होते, हे त्या खंदकावरून कळतं. त्यापलीकडे होती खारी तळी, दलदल आणि बिद्याधरी नदी. आजची गोष्ट त्या पलीकडच्या भागाची आहे.

कोलकाता हुगळीच्या काठावर आहे, पण शहराच्या जमिनीचा उतार हुगळीकडे नाही. नदीने शतकानुशतकं गाळ टाकून आपला काठ उंच केला, त्यामुळे पाणी उलटं पूर्वेकडे वाहतं. १८५५ मध्ये विल्यम क्लार्क या इंजिनिअरने शहराच्या गटारांची योजना मांडली, ती याच उताराला धरून. सांडपाणी पूर्वेला न्यायचं, बिद्याधरीत सोडायचं, भरती-ओहोटी ते समुद्राकडे नेईल, असा हिशेब होता.

नदीने तो चुकवला. बिद्याधरी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती निकामी झाल्याचं जाहीर झालं. तिच्या भरतीच्या खाऱ्या पाण्यावर तिथली मासेमारी चालत होती. भरतीचं पाणी येईना, तसे खाऱ्या पाण्यातले मासेही कमी झाले. कोळ्यांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. जवळ पाणी होतं ते एकच, शहराचं सांडपाणी. १९३० च्या सुमारास तेच तळ्यांत घेऊन रोहू, कटला, मृगळ वाढवायला सुरुवात झाली. या तळ्यांना बंगालीत ‘भेरी’ म्हणतात.

आता हे जमतं कसं? भेरी उथळ असते, जेमतेम कमरे-छातीइतक्या पाण्याची. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो. सांडपाण्यातली घाण जिवाणू कुजवतात, त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. तो देतं शेवाळ, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. कुजण्यातून मोकळं झालेलं नत्र आणि स्फुरद हे या शेवाळाचं खत. शेवाळ वाढतं, मासे ते खातात. मासे नसते तर शेवाळ माजलं असतं. रात्री प्रकाश नसतो, तेव्हा शेवाळही ऑक्सिजन वापरू लागतं. म्हणून सांडपाणी जास्त सोडलं तर पहाटे मासे श्वासासाठी वर येतात, आणि कमी सोडलं तर उपाशी राहतात. किती सोडायचं हे भेरीवरचा माणूस पाण्याचा रंग आणि वास पाहून ठरवतो. काठाला जलपर्णी बांधून ठेवलेली असते. एरवी तळी गिळणारी ही वनस्पती इथे लाटांपासून बांध राखते आणि पाण्यातले काही जड धातूही शोषते. भेरीतून निघालेलं पाणी भातशेतीला जातं. शेजारी धापाला शहराच्या जुन्या कचऱ्यावर भाजीपाला पिकतो.

हे सगळं एक व्यवस्था म्हणून प्रथम जगापुढे मांडलं ध्रुवज्योती घोष यांनी. ते राज्य सरकारचे इंजिनिअर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, शहराचं सांडपाणी शेवटी जातं कुठे, हे शोधत ते कालव्यांच्या काठाने गेले आणि या तळ्यांपाशी पोचले. या इंजिनिअरने मग तिथल्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना गुरू मानलं. कोलकात्याला ते ‘निसर्गाच्या अनुदानावर चालणारं शहर’ म्हणत. अर्थ सरळ आहे. एवढं सांडपाणी यंत्रांनी शुद्ध करायचं तर केंद्रं, वीज, रसायनं, पगार असा मोठा खर्च आला असता. इथे शहरातले पंप पाणी कालव्यात चढवून देतात, पुढचं बरंचसं काम उतार, ऊन, शेवाळ आणि माणसं करतात. शिवाय माशांना विकतचं खाद्य फारसं लागत नाही, बाजार शेजारीच आहे. म्हणून गरिबाच्या ताटातही मासा-भात परवडतो.

पण हा फायदा कोणाच्याच वहीत जमेला लिहिला जात नाही. वहीत दिसते ती मासळीची विक्री आणि जमिनीचा भाव. या दोहोंची तुलना केली की जमीन जिंकते. खारी तळी भरून सॉल्ट लेक म्हणजे बिधाननगर वसलं, ते असंच. मुंबईच्या मिठागरांवरचा वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नवं वाटणार नाही. एक तळं बुजवलं की सांडपाण्याची एक वाट बंद होते, पावसाचं पाणी साठायची जागा जाते, मासळी महागते आणि काही घरांचं काम सुटतं. हे चार खर्च चार वेगळ्या खात्यांवर पडतात, म्हणून बुजवणाऱ्याला ते दिसतच नाहीत.

इथल्या जमिनीवर व्यापार केंद्र उभारायचं ठरलं, तेव्हा ‘पब्लिक’ ही नागरिकांची संस्था कोलकाता उच्च न्यायालयात गेली. १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी पाणथळ राखण्याच्या बाजूने निकाल दिला. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्र रामसर यादीत आलं, २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. ध्रुवज्योती घोष २०१८ मध्ये गेले. बेकायदा भराव मात्र कायद्यानंतरही थांबलेले नाहीत.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. ती घराघरातली घाण पचवते, कारखान्यांचं क्रोमियम तिला पचत नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातले चामड्याचे कारखाने हलवायला सांगितले, आणि त्यांची नवी वसाहत झाली बानतलाला, म्हणजे याच पाणथळीच्या अंगाला. त्यामुळे कारखान्यांचं पाणी वेगळं ठेवणं, कालव्यातला गाळ काढणं आणि भेऱ्यांना पुरेसं सांडपाणी मिळत राहणं, ही तिन्ही कामं सतत करावी लागतात. शहराचे जे पैसे इथे वाचतात, त्यातला वाटा या कामांवर आणि भेरीवरच्या माणसांवर खर्च झाला पाहिजे. अनुदान निसर्ग देतो हे खरं, पण रोज पहाटे पाण्याचा रंग बघायला माणूस लागतो. त्याच्या मुलाला ते काम परवडलं नाही, तर कायद्याने राखलेली तळीही नुसती तळीच उरतील.

तुमच्या गावाचं सांडपाणी कुठे जातं, हे एकदा त्याच्या वाटेने चालत जाऊन बघा.