चोरीच्या चाळीस वाटा : कौटिल्याची हिशेबतपासणी

पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो ते जसे कळत नाही, तसा सरकारी अधिकारी पैसा केव्हा खातो तेही कळत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली ही उपमा आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असते. ऐकणारा हसतो आणि ‘हे असेच चालायचे’ म्हणून मोकळा होतो. पण उपमेच्या मागचे-पुढचे दोन-तीन अध्याय वाचले, तर कौटिल्याचा सूर हताश नाही हे ध्यानात येते. मासा पाणी पिणारच, असे धरून चालून काय बंदोबस्त करायचा, हा त्याचा विषय आहे.

ग्रंथाविषयी थोडे. शतकानुशतके तो नावानेच माहीत होता. १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांना त्याची पोथी मिळाली आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. पुढे मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. परंपरा कर्त्याला चंद्रगुप्त मौर्याचा मंत्री मानते. अनेक अभ्यासकांच्या मते ग्रंथाचे आजचे रूप त्यानंतरचे आहे. टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये ‘च’, ‘वा’ अशा किरकोळ शब्दांची मोजणी करून ग्रंथ एकहाती नसावा असे मांडले. संख्याशास्त्राचा पेपर कशाला, असे विचारणाऱ्या माझ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम देतो.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्या अधिकरणात सरकारी पैसा लाटण्याचे चाळीस प्रकार दिले आहेत. आधी आलेली रक्कम नंतर आल्याचे दाखवणे हा त्यातला पहिला. वरवर यात चोरी दिसत नाही, कारण शेवटी पैसा जमा होतोच. पण मधल्या काळात तो कोणाच्या हातात फिरत होता? कमी आलेले जास्त किंवा जास्त आलेले कमी लिहिणे, एकाकडून आलेले दुसऱ्याच्या नावावर घालणे, वजनामापात फेरफार करणे, असे करत यादी पुढे जाते. ती वाचताना वाटते, हे लिहिणारा माणूस कचेरीत बरीच वर्षे बसलेला असावा.

यादीपेक्षा तिच्यासोबतची व्यवस्था अधिक महत्त्वाची. हिशेबाचे वर्ष आषाढी पौर्णिमेला संपे. त्या वेळी हिशेबनीसांनी मोहोरबंद वह्या आणि शिल्लक घेऊन हजर व्हायचे, आणि आल्यावर त्यांना आपसात बोलू द्यायचे नाही. उघड आहे, बोलले की आकडे जुळणार. अपहाराचा संशय आला तर नोंद करणारा, पैसे घेणारा, देणारा, देवविणारा अशा प्रत्येकाला वेगवेगळे विचारायचे. खोटे बोलणाऱ्याला मूळ अधिकाऱ्याइतकाच दंड. मग प्रांतात दवंडी द्यायची की या अधिकाऱ्याने कोणाला नाडले असेल तर त्याने पुढे येऊन सांगावे, आणि तसे ठरल्यास त्याची भरपाई करायची. चोरी उघडकीला आणणाऱ्याला सिद्ध झालेल्या रकमेचा सहावा हिस्सा. तो त्याच खात्यातला नोकर असेल तर बारावा.

अधिकाऱ्यांची एकी झाली तर ते मिळून खातील आणि भांडले तर कामाचा नाश करतील, हेही तो सांगतो. म्हणून एका खात्यावर अनेक प्रमुख नेमायचे आणि कोणालाही तिथे कायम ठेवायचे नाही. बदल्यांवर चिडणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

मला सर्वांत धारदार वाटते ते ठरल्यापेक्षा दुप्पट महसूल आणणाऱ्याबद्दलचे मत. असा अधिकारी, कौटिल्य म्हणतो, मुलूखच खातो. त्याने ती जास्तीची रक्कम राजाकडे प्रामाणिकपणे भरली, तरी अपराध लहान असल्यास त्याला समज द्यायची आणि मोठा असल्यास शिक्षा. उद्दिष्टाच्या दुप्पट वसुली केली म्हणून सत्कार होण्याच्या काळात हा विचार पचायला जड जातो.

मात्र याच ग्रंथाच्या पाचव्या अधिकरणात खजिना रिकामा झालेल्या राजासाठीही युक्त्या आहेत. त्यातली एक अशी : भुयार जोडलेल्या विहिरीत अनेक फण्यांचा नाग असल्याचा देखावा करायचा आणि दर्शनासाठी लोकांकडून सोने घ्यायचे. कारकुनाच्या चाळीस युक्त्या पकडणारा ग्रंथ राजाला एकेचाळिसावी शिकवतो. हा विनोद कौटिल्याने केलेला नाही, त्याच्या व्यवस्थेनेच केला आहे. तिथे सगळे हिशेब वर राजाकडे जातात, आणि राजाचा हिशेब मागणारा कोणी नसतो.

ही जागा आपल्या राज्यघटनेने भरली. अनुच्छेद १५१ नुसार केंद्राच्या हिशेबांवरील नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे ठेवावे लागतात. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी हा अधिकारी घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा असल्याचे सांगितले. संसदेने मंजूर केलेल्या रकमेहून जास्त, किंवा मंजुरीबाहेरच्या कामावर, सरकारने खर्च केला नाही ना, हे पाहण्याचे काम त्याच्याकडे आहे.